खापर लिनक्सच्या माथी

हार्ड डिस्कवर फायली कॉपी व्हायला वेळ लागतो म्हणून कोणी तुम्हाला लिनक्स काढून विंडोज टाकायला सांगितले, तर एवढे समजा की त्या माणसाने बिघाड शोधलेला नाही. आणि तोच माणूस पुढे "डिस्क एकदा फॉरमॅट मारू, मग पळेल" असे म्हणाला, तर चहासुद्धा न घेता डिस्क उचला आणि घरी या. आज माझे भांडण या दोन वाक्यांशी आहे. ही वाक्ये मी पठाणकोटला ऐकली, पुण्यात ऐकली आणि आता बंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये कोरमंगलातही ऐकली. कोरमंगलात ऐकल्यावर मात्र गप्प बसवेना.

कारण कोरमंगला म्हणजे काही आडगाव नव्हे. 2007 साली फ्लिपकार्ट इथल्याच एका भाड्याच्या फ्लॅटमधून सुरू झाली. 80 फुटी रस्त्यावरून चालत निघालात तर चहाच्या टपरीवरही सर्व्हर आणि ॲप याच गोष्टी कानावर पडतात. या मंडळींचे बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांची यादी निघते, तिच्यातला एकूण एक संगणक 2017 च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर आहे. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही आतून लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. त्याच फोनवर आपले पैसे जमा झाल्याचा आवाज ऐकत दुकानदार आपल्याला सांगतो, "लिनक्स है ना साब, इसलिए स्लो है."

आता तुम्ही म्हणाल, फौजी माणसाने या भानगडीत कशाला पडावे? दोन कारणे सांगतो.

पहिले कारण, हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. 2025 च्या 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. आपल्यापैकी अनेकांचे लॅपटॉप जुने आहेत. विंडोज 11 त्यांना घ्यायला तयार नाही आणि नवा लॅपटॉप घ्यायला पेन्शन तयार नाही. त्यामुळे मुले, पुतणे, भाचे घरातल्या जुन्या यंत्रांवर उबुंटू किंवा मिंट टाकून देतात. खुद्द संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर बेतलेली 'माया' ही प्रणाली आपल्या संगणकांवर आणायचे ठरवल्याच्या बातम्या 2023 च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांनी वाचल्या. म्हणजे लिनक्स हा आता कॉलेजातल्या पोरांचा छंद राहिलेला नाही.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. निवृत्त फौजीच्या घरातल्या डिस्कवर काय असते ते आठवा. डिस्चार्ज बुकाचे स्कॅन, पीपीओची प्रत, स्पर्शवर चढवलेले कागद, ईसीएचएसची फाईल, मुलांच्या दाखल्यांच्या प्रती. आणि वीस-पंचवीस वर्षांच्या पोस्टिंगचे फोटो, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नसते. या डिस्कवर "फॉरमॅट मारू" म्हणणारा माणूस काय पुसायला निघाला आहे हे त्याला ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक असते.

याच शहरात माझ्या ओळखीच्या एका वहिनींच्या बाबतीत हे अगदी होता होता राहिले. त्यांचे यजमान नायब सुभेदार होते, तीन वर्षांपूर्वी गेले. वहिनी कोरमंगलात मुलाकडे राहतात. यजमानांची एक बाहेरून जोडायची डिस्क होती, तिच्यात त्यांचे सगळे फोटो. मुलाने जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकले होते, त्यावर तो हे फोटो उतरवून घेत होता. सुरुवातीला बरे चालले, मग वेग पडत पडत पार रांगायला लागला. मुलगा कामात, म्हणून वहिनी स्वतः लॅपटॉप आणि डिस्क घेऊन जवळच्या दुकानात गेल्या. निदान झाले पाच मिनिटांत: लिनक्समुळे हळू आहे, विंडोज टाकून देतो, डिस्कही फॉरमॅट करून देतो, त्याआधी डेटा तेवढा कॉपी करून ठेवा. ज्या माणसाची कॉपीच होत नाही त्याला "आधी कॉपी करून ठेवा" सांगणे याला काय म्हणावे? वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तेवढं गेलं तर नातवंडांना दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही हो."

डिस्क जोडून मी पहिल्यांदा गाभ्याची रोजनिशी उघडली. लिनक्समध्ये तिला डीमेसेज म्हणतात. (या लेखात आज्ञांची नावे देवनागरीत लिहितो आहे, टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची.) रोजनिशीत एकच तक्रार पुन्हा पुन्हा होती: अमुक सेक्टर वाचता येत नाही. मग स्मार्टसीटीएल ही आज्ञा चालवली. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते आणि ही आज्ञा ती नोंद वाचून दाखवते. तिच्यात 197 क्रमांकाची ओळ असते, 'करंट पेंडिंग सेक्टर'. वाचता न आलेले आणि अजून निकाली न निघालेले सेक्टर किती, हे ती सांगते. निरोगी डिस्कवर तिथे शून्य हवे. इथे शून्य नव्हते.

म्हणजे डिस्क मरायला टेकली होती. लिनक्स हळू चालत नव्हते, ते एकेक खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून पाहत होते. अशा वेळी डिस्कला उत्तर द्यायला लिनक्स नेहमीच्या मांडणीत 30 सेकंदांची मुदत देते. त्यामुळे एकेका खराब जागेवर अर्धा-अर्धा मिनिट जाते आणि पडद्यावर दिसते की कॉपी थांबली आहे. या डिस्कवर विंडोज टाकलेल्या संगणकानेही हेच केले असते. आणि फॉरमॅट मारला असता तर? झटपट फॉरमॅटमध्ये फायलींची यादी जाते. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट तर सगळ्या डिस्कवर शून्ये लिहितो. नायब सुभेदार साहेबांची वीस वर्षे पाटीवरच्या खडूसारखी पुसली गेली असती, आणि वर दुरुस्तीचे पैसे.

आम्ही काय केले तेही सांगतो, कारण कोणाला तरी उपयोग होईल. डिस्क माउंट केली नाही. तिच्याहून मोठी नवी डिस्क आणली आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर घेतली. हा प्रोग्राम शहाणा आहे. आधी जिथे जिथे सरळ वाचता येते तो भाग उचलतो, खराब जागा ओलांडून पुढे जातो आणि शेवटी मागे वळून खराब जागांशी झटापट करतो. कुठवर आलो याचा नकाशा तो फाईलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येते. दोन रात्री लागल्या. काही फोटो अर्धे करडे निघाले, बाकीचे आले.

आता मूळ मुद्दा. कॉपी हळू होणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. ताप आला म्हणून कोणी पेशंट बदलत नाही. आणि फौजेत तर आपल्याला हे पहिल्या वर्षीच शिकवतात. रायफल अडकली की जवान ती फेकून देत नाही आणि फायरिंग पॉइंटवर तिचा पुर्जा न् पुर्जा सुटा करूनही बसत नाही. ठरलेल्या क्रमाने पाहतो: मॅगझिन, चेंबर, गॅस. कुठे अडले ते कळले की उपाय दोन सेकंदांचा असतो. कॉपी अडकली तरी असाच क्रम लावता येतो. पाच ठिकाणे आहेत आणि पाचही ठिकाणी लिनक्स तुम्हाला आतले दाखवते, फक्त विचारायला हवे.

पहिले ठिकाण वायर आणि खाच. कॉन्व्हॉयचा वेग सगळ्यात हळू गाडीचा असतो. सोनी वर्ल्डच्या सिग्नलला संध्याकाळी सहा वाजता अडकलेल्याला गाडी किती सीसीची आहे याने काही फरक पडत नाही. यूएसबी 2 चा कागदावरचा वेग सेकंदाला 480 मेगाबिट आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे 60 मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात हाती लागतात 30 ते 40. या वेगाने 500 जीबी उतरवायला चार तास लागतात, आणि ते बरोबर आहे, तिथे बिघाड काहीच नाही. तीच डिस्क यूएसबी 3 च्या खाचेत लावली तर काम दीड तासाच्या आत आटोपू शकते. बऱ्याच लॅपटॉपवर ती खाच आतून निळी असते. एलएसयूएसबी ही आज्ञा वजा-टी जोडून चालवा. डिस्कच्या ओळीत 480एम दिसले तर ती जुन्या वेगाने चालते आहे, 5000एम दिसले तर नव्या. वायर बदलूनही हा फरक पडतो, कारण स्वस्त वायरींत जादा तारा नसतातच. आणि डिस्क संगणकाच्या आत साटाच्या वायरने जोडलेली असेल तर स्मार्टसीटीएलमधली 199 क्रमांकाची ओळ पाहा. तो आकडा वाढत असेल तर बहुधा वायर खराब आहे, डिस्क नव्हे. शे-दोनशे रुपयांच्या वायरीसाठी लोकांनी हजारोंच्या डिस्क बदलल्या आहेत.

दुसरे ठिकाण म्हणजे ट्रान्झिट कॅम्प. लेहला जाणारा जवान आधी चंदिगडच्या कॅम्पात पोहोचतो. चंदिगडपर्यंत गाडी झकास येते, तिथून पुढे विमानाची वाट. आता कोणी चंदिगडला उतरलेल्या जवानांची संख्या मोजून "लेहला इतके पोहोचले" असा रिपोर्ट दिला तर? कॉपीची खिडकी नेमके हेच करते. लिनक्स लिहायचा डेटा आधी मेमरीत घेते आणि मग डिस्कवर उतरवते. मूळ मांडणीत उपलब्ध मेमरीच्या सुमारे 20 टक्के इतका साठा असा वाट पाहत राहू शकतो. 16 जीबी मेमरी असेल तर तीन जीबीच्या आसपास. म्हणून सुरुवातीला पट्टी भराभर पळते, मग मध्येच गोठते, किंवा 100 टक्के होऊन मिनिटे न् मिनिटे हलत नाही. सेकंदाला आठ मेगाबाइट लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हला तीन जीबी उतरवायला सहा मिनिटे लागणारच. या वेळी यंत्र अडकलेले नसते, काम चालू असते. सिंक ही आज्ञा द्या, ती परत येईपर्यंत थांबा आणि मगच ड्राइव्ह काढा. "झाले दिसले म्हणून ओढून काढला आणि फाईल उघडेना" ही तक्रार ट्रान्झिट कॅम्पातल्या जवानांना मागे सोडून निघाल्याची तक्रार आहे.

तिसरे ठिकाण फाईल सिस्टिम. आपल्या बहुतेक बाहेरच्या डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने आखलेल्या असतात. लिनक्स अनेक वर्षे ही पद्धत गाभ्याबाहेरच्या एका दुभाष्यामार्फत हाताळत होते. दुभाष्या मेहनती आहे, पण प्रत्येक वाक्य दोनदा बोलावे लागते आणि जुन्या प्रोसेसरची दमछाक होते. 2021 च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या 5.15 या गाभ्यात एनटीएफएसचा नवा चालक थेट आत घेतला गेला. तुमच्या यंत्रावर कॉपी चालू असताना टॉप ही आज्ञा उघडा. माउंट-डॉट-एनटीएफएस नावाची प्रक्रिया प्रोसेसर खात वर बसलेली दिसली तर गाठ दुभाष्याशी आहे. डिस्क फक्त लिनक्सवरच वापरायची असेल तर डेटा दुसरीकडे सुरक्षित ठेवून ती ईएक्सटी4 पद्धतीने आखा. इथे फॉरमॅट योग्य आहे, कारण तो निदानानंतर आला आणि प्रत घेतल्यावर आला.

चौथे ठिकाण, फायलींची संख्या. एका बटालियनला एक मूव्हमेंट ऑर्डर काढणे आणि आठशे जवानांना आठशे ऑर्डरी काढणे यात क्लार्कच्या जिवाचे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. फिरत्या तबकडीच्या डिस्कला दर फाईलसाठी आपला हात योग्य जागी न्यावा लागतो आणि तबकडी फिरून ती जागा खाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला 5400 फेऱ्यांच्या डिस्कवर एक फेरी 11 मिलिसेकंदांची, म्हणजे सरासरी अर्धी फेरी साडेपाच मिलिसेकंद. हात हलवण्याचे दहाएक मिलिसेकंद धरा. एकूण पंधरा. एक लाख बारीक फायली असतील आणि दर फाईलला असा एकच हेलपाटा पडला, तरी 1500 सेकंद, म्हणजे 25 मिनिटे नुसत्या हेलपाट्यांत गेली, डेटा अजून हललाच नाही. प्रत्यक्षात एका फाईलला एकाहून जास्त हेलपाटे पडतात. यावर उपाय म्हणजे टार या आज्ञेने सगळ्याचे एक गाठोडे बांधून ते हलवणे.

पाचवे ठिकाण डिस्क स्वतः. ती मरायला टेकली असेल तर काय करायचे ते वर आलेच. पण कधी कधी डिस्क ठणठणीत असते आणि तरी वेग कोसळतो. इथे मात्र माझा राग दुकानदारावर नाही, कारखानदारावर आहे.

कोकणातले मंगलोरी कौलांचे छप्पर डोळ्यांसमोर आणा. एक कौल दुसऱ्यावर चढवलेले असते, म्हणून कमी जागेत जास्त कौले बसतात. पण खालच्या रांगेतले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली कौले उचलावी लागतात. हार्ड डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या अशाच एकमेकींवर चढवण्याचे तंत्र आहे, त्याला एसएमआर म्हणतात. वाचायला काही अडचण नाही. लिहिताना मात्र एक पट्टी बदलायची तर शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. ही कसरत लपवण्यासाठी डिस्क काही जीबींची एक वेगळी जागा राखून ठेवते आणि नवा डेटा आधी तिथे घेते. थोडी कॉपी केलीत तर काही कळतही नाही. पण शेकडो जीबी सलग ओतले की ती जागा भरते, डिस्कला आतून कौले उचलायला लागते आणि वेग एकदम खाली येतो. ग्राहकाला वाटते लिनक्स बिघडले.

हे तंत्र वाईट नाही. स्वस्तात जास्त जागा मिळते, वर्षातून एकदा प्रत घेऊन कपाटात ठेवायच्या डिस्कला ते चालते. वाईट आहे ते न सांगणे. 2020 च्या एप्रिलमध्ये उघड झाले की वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी काही डिस्कमध्ये एसएमआर वापरले होते आणि ग्राहकाला दिसेल अशा माहितीत ते सांगितले नव्हते. वेस्टर्न डिजिटलची रेड मालिका तर अनेक डिस्क एकत्र जोडून चोवीस तास चालणाऱ्या पेट्यांसाठी म्हणून विकली जात होती, जिथे हे तंत्र सगळ्यात जास्त त्रास देते. बोभाटा झाल्यावर कंपन्यांनी मॉडेलांच्या याद्या दिल्या, अमेरिकेत ग्राहकांनी दावे लावले, आणि वेस्टर्न डिजिटलने कौले न चढवलेल्या डिस्कसाठी रेड प्लस असे वेगळे नाव काढले. हे सारे उजेडात आले ते कशामुळे? डिस्क पुन्हा पुन्हा बाद का होते याचा काही ग्राहकांनी पाठपुरावा केला म्हणून. "आमचीच प्रणाली खराब" म्हणून ते घरी बसले असते तर ती लबाडी आजही खपून गेली असती. चुकीच्या माथी खापर फोडण्याचा खरा तोटा हा आहे, खरा दोषी आरामात सुटतो.

आता न्यायाची गोष्ट. लिनक्सची बाजू घेतो म्हणून त्याची चूक झाकणार नाही. कॉपीची खिडकी चंदिगडचा आकडा लेहचा म्हणून दाखवते, हा लिनक्सवाल्यांचाच दोष आहे आणि जुना दोष आहे. ज्यांना आज्ञा-बिज्ञा माहीत नाहीत त्यांना "अजून तीन मिनिटे ड्राइव्ह काढू नका" एवढे स्पष्ट सांगणे काय अवघड आहे? डिस्कचा 197 चा आकडा शून्याच्या वर गेला की खिडकीत लाल अक्षरांत इशारा का येत नाही? आणि लिनक्सच्या काही पंडितांविषयीही बोलतो. त्यांना अडचण सांगितली की ते विचारतात, "कुठले डिस्ट्रो? मग ते बदला." दुसरा येतो, चार गूढ ओळी देतो आणि म्हणतो या टाका. कशासाठी, ते सांगत नाही. हे सगळे "विंडोज टाका" म्हणणाऱ्याचेच चुलतभाऊ. न पाहता औषध देणारा तो वैदू, मग त्याची झोळी कोणत्याही रंगाची असो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला पोकळ वाटत नाही. परवा एक निवृत्त सुभेदार साहेब म्हणाले, "अरे, आम्ही साठी ओलांडलेली माणसं. आम्हाला फोटो हलवायचेत, इंजिनियर व्हायचं नाही. दुकानदाराला पैसे देतो, तो बघेल." साहेब, तुमचे बरोबर आहे. गाडी चालवणाऱ्याने इंजिन उतरवायला शिकावे असे मी म्हणत नाही. पण गाडी घेण्याआधी तेल, पाणी, टायर पाहणे हे प्रत्येक फौजी ड्रायव्हर करतोच की. मी सांगतो ती तेवढीच पाहणी आहे, आणि दहा मिनिटांची. शिवाय तुम्ही पैसे देता म्हणूनच तुम्हाला प्रश्न विचारायचा हक्क आहे. दुकानदाराला एवढेच विचारा: "डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट काढलात का? दाखवा." काढला असेल तर तो दाखवेल. काढला नसेल तर त्याने निदान केलेलेच नाही, आणि त्याच्या "फॉरमॅट मारू" ला काडीची किंमत नाही. हा प्रश्न विचारायला इंजिनियर व्हावे लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की वेळ वाचतो, फॉरमॅट केले की खरेच वेग येतो. कधी कधी येतोही. डिस्क काठोकाठ भरलेली असेल, फायली तुकड्या-तुकड्यांत विखुरल्या असतील, तर कोरी केल्यावर ती पळणारच. घर रिकामे केले की झाडायला सोपे जाते. पण आपण घरातल्या वस्तूंसाठी घर ठेवतो. आणि मरणाऱ्या डिस्कवर फॉरमॅटने आलेला वेग म्हणजे विझणाऱ्या दिव्याची मोठी झालेली ज्योत. चार दिवसांनी तीच डिस्क नवा डेटाही घेऊन जाते.

एक इशारा नोकरीतल्या जवानांसाठी. हे सगळे घरच्या यंत्राबद्दल आणि खासगी डिस्कबद्दल आहे. सरकारी संगणकाला खासगी डिस्क लावायची नाही, तिथली कॉपी हळू झाली तर आपल्या आयटीच्या माणसाला सांगायचे. तिथे हात घालायचा नाही.

तेव्हा माझ्या मागण्या तीन. डिस्क बनवणाऱ्यांनी खोक्यावर, मराठीत नको पण निदान वाचता येईल अशा अक्षरांत, आत कौले चढवली आहेत की नाही ते छापावे. खाद्यपदार्थाच्या पुडीवर हिरवा ठिपका छापता येतो, तर हेही जमते. लिनक्स बनवणाऱ्यांनी कॉपीची खिडकी खरे बोलेल असे करावे. आणि दुरुस्ती करणाऱ्याने स्मार्ट रिपोर्ट हातात दिल्याशिवाय फॉरमॅट हा शब्द तोंडातून काढू नये.

पहिल्या दोन मागण्या कधी पुऱ्या होतील ते आपल्या हातात नाही. तिसरी आहे. माजी सैनिकांच्या पुढच्या मेळाव्यात ईसीएचएस आणि स्पर्शच्या तक्रारी झाल्या की दहा मिनिटे यासाठी काढा. तुमच्यातल्या ज्याला जमते त्याने एक जुनी डिस्क लावून सगळ्यांना 197 ची ओळ दाखवावी. आणि ज्यांच्या घरात नवऱ्याची, मुलाची, भावाची एकच डिस्क कपाटात पडून आहे, त्यांनी ती आज बाहेर काढून दुसरी प्रत करावी. वेळ लागेल. लागू द्या, आणि का लागतो आहे ते पाहा.

जय हिंद.